दारावर कोरलेली राणी
मेक्सिकोत उसुमासिंता नदीकाठी याशचिलान हे माया लोकांचं नगर होतं. तिथल्या एका दारावरची चुनखडीची तुळई आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावरच्या शिल्पात राजा पेटती मशाल धरून उभा आहे. समोर गुडघे टेकलेली राणी काबाल शोक काटेरी दोरी स्वतःच्या जिभेतून ओढते आहे. खाली टोपलीत रक्ताने डागाळलेले कागद. या विधीची तारीख इ.स. 709 ची. रक्त अर्पून पूर्वजांना बोलावणं हे राजघराण्याचं कर्तव्यच होतं. शेजारच्या दारावर सर्पाच्या जबड्यातून बाहेर येणारी आकृती कोरली होती. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती राणीच्या शिल्पाची जागा. ते तुळईच्या खालच्या अंगाला आहे, म्हणजे मूळ जागी उंबरठ्यावर थांबून मान वर केली तरच दिसायचं. लाल-निळ्या रंगाचे अंश त्यावर अजून टिकून आहेत.