चूक नेमकी कोणाची?

१० मे १९९६. एव्हरेस्टच्या माथ्याजवळ वादळ आलं आणि दोन दिवसांत आठ गिर्यारोहक गेले. उत्तर बाजूचे तिघे आपल्या इंडो-तिबेटन बॉर्डर पोलिसांचे. दक्षिण बाजूच्या पाचांत रॉब हॉल आणि स्कॉट फिशर, म्हणजे दोन्ही टीमचे लीडर!

मग सुरू झालं, चूक कोणाची? हॉलच्या टीममधला पत्रकार जॉन क्राकाउर याने आपल्या पुस्तकात फिशरचा गाईड अनातोली बुक्रीव्हवर बोट ठेवलं. हा ऑक्सिजन सिलिंडरशिवाय चढला आणि क्लायंट लोकांच्या आधी खाली उतरला. खरं आहे. पण त्याच रात्री वादळात एकटा जाऊन तिघांना तंबूत आणणाराही तोच. आता बोला!

मित्रांनो, जरा मागे जाऊ. वरच्या टप्प्यात दोर आधी बांधलेच नव्हते, त्यात एकाच दिवशी तीसहून जास्त जण चढणारे. रांग लागली. उशिरात उशिरा दुपारी २ ला परत फिरायचं ठरलेलं, पण बरेच जण त्यानंतरच माथ्यावर पोचले. एका क्लायंटला हॉलने १९९५ मध्ये माथ्याच्या अगदी जवळून परत आणलं होतं. या वेळी तो त्याच्यासाठी ४ पर्यंत माथ्यावर थांबला. दोघेही परत आले नाहीत.

फॅक्टर ऑफ सेफ्टी असा थोडाथोडा खाल्ला जातो. वादळ आलं नसतं तर कोणी विचारलंही नसतं! म्हणून एकाच माणसावर खापर फोडून भागत नाही.

त्याच दिवशी हॉलच्या टीममधले तिघे रांग बघून साडेअकराच्या सुमारास मागे फिरले. तिघेही वाचले. तेव्हा पुढच्या ट्रेकला कोणी 'चला परत' म्हणालं, तर त्याला भित्री भागूबाई म्हणू नका.