गरोदरपण आणि थीम पार्क : पाटीवरचा तो नियम कशासाठी?

मंडळी, आजचा विषय वरवर हलकाफुलका वाटेल. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं, खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली. ऑफिसची किंवा सोसायटीची सहल म्हटली की अशा ठिकाणांचं नाव निघतंच. तिथे मोठ्या राइडच्या रांगेपाशी पाटी असते, गरोदर स्त्रियांनी बसू नये. नियम लिहिलेला असतो, त्यामागचं शरीरशास्त्र नसतं. ते आज बघू.

अनेकांना वाटतं, उंचीनं किंवा भीतीनं बाळाला त्रास होतो. खरा प्रश्न आहे वेग एकदम बदलण्याचा. गर्भाशय स्नायूंचं असतं, ते ताणलं जातं, आकार बदलतं. त्याच्या आतल्या भिंतीला चिकटलेली वार मात्र तितकी लवचीक नसते. शरीर जोरात जाऊन गचकन थांबलं, की भिंतीचा आकार बदलतो आणि वार मागे राहते. दोघींमधला जोड उसवू शकतो. यालाच वार सुटणं म्हणतात. बाळाला प्राणवायू वारेतूनच मिळतो, तेव्हा काय पणाला लागतं हे वेगळं सांगायला नको. पोटावर थेट मार बसायलाच हवा असंही नाही. हे आम्हांला मोटार अपघातांतून कळलंय. गरोदर बाईला रोलर कोस्टरमध्ये बसवून प्रयोग कोण करणार?

शिवाय मांडीवर येणारी दांडी आपल्याला घट्ट धरून ठेवण्यासाठी असते, ती नेमकी पोटावर दाबते. पाण्याच्या उंच घसरगुंडीत शेवटी पाण्यावर आदळणं असतं. धडकणाऱ्या गाड्यांबद्दल तर बोलायलाच नको, त्यांची गंमतच धडकण्यात आहे.

मग घरी बसायचं का? तसं आम्ही म्हणत नाही. गरोदरपण सुरळीत असेल, डॉक्टरांची हरकत नसेल, तर हिंडावं, कार्यक्रम बघावेत. पाटीवर मनाई नसेल तर संथ टॉयट्रेनमध्येही बसावं. आमच्या मते दिवसभराचं ऊन आणि रांग यांच्याकडे मात्र फार कमी लक्ष जातं. तासभर एका जागी उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, चक्कर येते. पाणी कमी पडलं तर पोटात कळा येऊ शकतात. एप्रिल-मे टाळा, बाटली जवळ ठेवा, दर थोड्या वेळानं सावलीत बसा. ओल्या फरशीवर जपून; वाढत्या पोटामुळे तोल बदललेला असतो.

आता अवघड भाग. तिसरा महिना संपेपर्यंत कोणाला सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत. त्यात सहल येते, आणि मैत्रिणी हात धरून ओढतात, "चल गं, घाबरतेस काय!" तिनं काय करावं? खरं सांगायची सक्ती नाही. "मान धरलीय" किंवा "मला गरगरतं" एवढं पुरतं. आणि ओढणाऱ्यांना आमची विनंती, एकदा नाही म्हटलं की सोडून द्या. ती का नाही म्हणतेय, ते तिला ठाऊक.

(श्रोत्यांतून प्रश्न : दिवस राहिल्याचं माहीतच नव्हतं आणि राइड झाली, तर?)

सुरुवातीच्या आठवड्यांत गर्भाशय कटीच्या हाडांच्या आड असतं, त्यामुळे बरंच सुरक्षित असतं. घाबरून जाऊ नका, पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. मात्र नंतरच्या महिन्यांत हिसका बसला किंवा पडणं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्तस्राव, न थांबणारी पोटदुखी, अंगावरून पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. वार सुटल्यावर रक्त आतच साठून राहू शकतं, म्हणून बाहेर काही दिसत नाही यावर विसंबू नका. रक्तगट निगेटिव्ह असेल तर तेही आवर्जून सांगा. अँटी-डी इंजेक्शन लागलं तर ते शक्यतो ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.