चित्रांमागचे कागद सांभाळणारी पर्वरीची संस्था

नार्व्याचे सप्तकोटेश्वराचे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ साली पुन्हा बांधवून घेतले, हे शेजारच्या मयेतले शाळकरी पोरही सांगते. देवळाच्या दारावरच्या शिलालेखात तशी नोंदच आहे. पण गोव्यातल्या एखाद्या जुन्या देवळाच्या भिंतीवरची वेलबुट्टी कोणी काढली, मजुरी काय घेतली, असे विचारले की भलेभले महाजन गप्प होतात. चित्र आवडायला डोळे पुरतात. त्याचा इतिहास लिहायचा तर पत्रे, हिशेबवह्या, फोटो आणि ताडून पाहायला दुसरी चित्रे लागतात.

हे सारे एका छपराखाली मिळावे म्हणून पॅरिसमध्ये २००१ साली कलेतिहासाची राष्ट्रीय संस्था निघाली. तिच्या ग्रंथालयाचा पाया मात्र सरकारने घातलेला नाही. उंची पोशाख तयार करणाऱ्या झाक दूसे या रसिकाने स्वतः जमवलेला ग्रंथसंग्रह १९१७ साली पॅरिस विद्यापीठाला देऊन टाकला, आणि ते ग्रंथालय त्यातून वाढले.

गोव्यात या कामाच्या जवळ जाणारी जागा म्हणजे पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च. गोव्यातल्या जेझुइट पाद्रींची ही संस्था १९७९ साली रीतसर सुरू झाली. इतिहासकार तेओतोनियो डिसोझा तिचे पहिले संचालक. नाव इतिहासाचे असले तरी कलेच्या अभ्यासकाला इथे दोन ठेवी सापडतात.

पहिली ठेव पणजीच्या म्हामाय कामत घराण्याचे दप्तर. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या या व्यापारी घराची पत्रे आणि हिशेब इथे आहेत. गोव्यातून चालणाऱ्या फ्रेंचांच्या गुलामव्यापारावर डिसोझांनी लिहिले ते याच कागदांच्या आधारे. वरवर पाहता कलेशी त्यांचा संबंध नाही. पण कोणता माल कुठून येत होता आणि पैसा कोणाच्या हातात होता, हे कळल्याशिवाय त्या काळातली घरे, देव्हारे आणि दागिने यांचा अर्थ लागत नाही.

दुसरी ठेव आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे. १९०२ साली जुवें बेटावर जन्मलेल्या या माणसाने डॉक्टरकीचे शिक्षण सोडून कुंचला धरला आणि शांतिनिकेतनची वाट धरली. अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांचे संस्कार घेऊन ते गोव्यात परतले. त्यांच्या चित्रांतली येशूची आई मारिया आपल्याकडच्या बायांसारखी सावळी, साडी नेसलेली आणि अनवाणी. पातळ रंगाचे थर एकावर एक देत काढलेल्या या जलरंगांत युरोपी सायबिणीचा गोरा तोंडवळा कुठे दिसत नाही. पोर्तुगीज अमलातल्या चर्चच्या मंडळींना हे रुचले नाही. फोन्सेकांनी गोवा सोडला आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात बिऱ्हाड केले. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातले इतिहासकार फादर हेरास यांनी त्यांना उत्तेजन दिले. १९६७ साली फोन्सेका गेले. त्यांच्या पत्नी आयव्ही यांनी जवळजवळ चाळीस वर्षे चित्रे सांभाळली आणि २००६ साली या संस्थेच्या हवाली केली. ज्या चित्रांपायी चित्रकाराला गाव सोडावा लागला, ती पाद्रींच्याच संस्थेत परत आली. ती चारचौघांच्या घरी विखुरली असती, तर फोन्सेकांचा हात कसा बदलत गेला हे आज कोणाला दाखवता आले नसते.

आमच्या पेडणे-डिचोलीकडे पाहिले की असे काही सांभाळून ठेवण्याची उणीव डोळ्यांत भरते. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात कावी कला आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर लाल हुरमुंजीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा रंग वर काढायचा. गिलावा सुकला की हात चालत नाही, म्हणून कारागीर एका दिवशी भागेल तेवढीच भिंत घेतो. असे काम कागदावरच्या चित्रासारखे उचलून नेता येत नाही. भिंत गेली की नक्षीही गेली. जीर्णोद्धारात जुना गिलावा खरवडून तिथे टाइल्स बसल्या, तर पर्वरीतच काय, पॅरिसमध्येही तिचा माग लागणार नाही.

यासाठी सरकारी हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही. मये असो की मोरजी, देवस्थान समित्यांनी कामाला हात घालण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढावेत, मापे लिहावीत, गवंड्याचे नाव आणि झालेला खर्च वहीत नोंदवावा, आणि या नोंदींची एक प्रत देवळाबाहेरच्या एखाद्या ग्रंथालयात किंवा अभिलेखागारात द्यावी. आयव्हीबाईंनी एकटीने केले, ते दहा महाजनांना जड जाऊ नये.