दगडाची परीक्षा

ग्वाल्हेरच्या महाराज बाड्यावरचं व्हिक्टोरिया मार्केट २०१० साली आगीत होरपळलं. पुढे त्याची डागडुजी झाली, आज तिथे भूविज्ञान संग्रहालय आहे. पण आगीतून निघालेला वालुकाश्म भार पेलेल की नाही, हे ओळखायचं कसं?

थोडं रंगावरून कळतं. साधारण २५०-३०० अंश सेल्सिअसला दगडातलं लोह तांबूस होऊ लागतं. खरा घात होतो ५७३ अंशांना: क्वार्ट्झच्या स्फटिकांची रचना बदलते, ते एकदम फुगतात आणि दगडाला आतून तडे जातात.

उभी भिंत फोडून बघता येत नाही. मग श्मिटचा हातोडा दगडावर दाबायचा. आतलं स्प्रिंगचं वजन जितकं जोरात उसळेल तितका पृष्ठभाग टणक. ध्वनितरंगही सोडतात. तडा आडवा आला की त्यांना पोचायला उशीर होतो.

ही उपकरणं स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या ओळखीची. शहरात १९५७ पासून माधव इन्स्टिट्यूट ही अभियांत्रिकी संस्था आहेच. मात्र सुट्या नमुन्याची प्रयोगशाळेतली दाब-चाचणी अधिक चिकाटीची. ठोकळ्याच्या दाबाच्या बाजू सपाट, समांतर हव्यात, नाहीतर कोपरा आधी फुटतो आणि आकडा फसवा येतो. घाईतल्या विद्यार्थ्यांच्या तुकड्या नेमक्या इथेच मार खातात. भारतीय मानकानुसार काही ठोकळे तीन दिवस पाण्यात मुरवतात, काही भट्टीत वाळवतात. भिजलेला वालुकाश्म सहसा कमी दाबाला फुटतो. शिवाय थराला आडवा आणि थराच्या दिशेने, असा दोन्हीकडून दाब देऊन पाहावा लागतो.