एसजीपीटीची सत्तर वर्षं

टीबीची औषधं चालू असलेल्या घरात 'एसजीपीटी' म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. रिपोर्ट हातात पडला की बोट आधी त्याच ओळीवर जातं. लिव्हरशी इतकं घट्ट नातं जडलेली ही तपासणी आली मात्र हृदयरोगाच्या वाटेनं.

१९५४ साली न्यूयॉर्कच्या जॉन लाड्यू, फेलिक्स व्रुब्लेव्स्की आणि आर्थर कार्मेन यांनी 'सायन्स' नियतकालिकात लिहिलं की, हार्ट अटॅकनंतर रुग्णाच्या रक्तात एसजीओटी हे एसजीपीटीचं भावंड असलेलं एन्झाइम दिवसभरात चढतं आणि काही दिवसांत उतरतं. या एन्झाइमचं काम पेशीच्या आत. रक्तात ते भरमसाट सापडलं, तर पेशीचं आवरण कुठंतरी फाटलं असणार. रक्तालघवीतल्या एन्झाइमवरून आजार ओळखायची कल्पना तशी जुनीच. स्वादुपिंडासाठी व्होलगेमुट यांनी १९०८ मध्येच तशी रीत दिली होती. पण इथं दुखावलेली पेशी स्वतःच पुरावा रक्तात सोडत होती आणि तो मोजता येत होता.

लगेच याच मंडळींनी मोर्चा लिव्हरकडे वळवला. हाताशी एक हुकमी विष होतं: कार्बन टेट्राक्लोराइड. कपड्यांचे डाग काढायला, आग विझवायला, इतकंच काय, १९२० च्या दशकात पोटातले आकडेकृमी पाडायलाही ते सर्रास वापरलं गेलं होतं. उंदराला ते दिलं की रक्तातली एन्झाइमं उसळतात. का, हे साठच्या दशकात अमेरिकेत रेकनेगल आणि इंग्लंडमध्ये स्लेटर यांच्या कामातून उलगडलं. मूळ रसायन त्या मानानं निरुपद्रवी. लिव्हर त्याचा निचरा करायला जातं आणि त्यातून एक आक्रस्ताळा मुक्तमूलक तयार होतो, जो पेशीच्या आवरणातल्या स्निग्धाला कुरतडत सुटतो. म्हणजे विष लिव्हरच्याच कारखान्यात बनतं.

ही तपासणी गल्लीतल्या लॅबपर्यंत पोचवली ती १९५७ च्या राइटमन-फ्रँकेल पद्धतीनं. कार्मेनच्या रीतीला अतिनील किरणं मोजणारं महागडं यंत्र लागे. इथं साधा कलरीमीटर पुरे. सीरममध्ये अॅलानीन आणि कीटोग्लुटारेटचं द्रावण घालायचं, ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवायचं, मग पिवळं डीएनपीएच घालून वीस मिनिटं थांबायचं आणि शेवटी कॉस्टिक. नळी तपकिरी होते. रंग जितका गडद, तितकं एन्झाइम जास्त. वरच्या आकड्यांना ही पद्धत फारशी भरवशाची नव्हती, पण तिनंच हा आकडा घरोघरी नेला असं माझं मत आहे.

या आकड्याची मर्यादा लख्ख दिसली ती पॅरासिटामॉलमध्ये. जादा डोसनं लिव्हर जळतं ही नोंद १९६६ मध्ये स्कॉटलंडमधून आली. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डाच्या संशोधकांनी कारण दाखवलं: औषधाचा थोडा भाग लिव्हरमध्ये विषारी रूप घेतो, ग्लुटाथायोन त्याला निकामी करतं, पण ग्लुटाथायोनचा साठा तळाला गेला की विष पेशीतल्या प्रथिनांना चिकटू लागतं. यातली खरी मेख वेळेची. गोळ्या गिळलेला माणूस पहिला दिवस बऱ्यापैकी ठीक दिसतो. एन्झाइमं चढायला बहुधा चोवीसेक तास लागतात; ती तीन-चार दिवसांनी शिखर गाठतात, कधी दहा हजारांच्या वर जातात. उलट एन-अॅसिटिलसिस्टीन हा उतारा सर्वांत खात्रीचा असतो तो पहिल्या आठ तासांत! एसजीपीटीची वाट बघत बसलं तर गाडी सुटलेली असते. म्हणून डॉक्टर गोळ्या घेतल्यानंतर चार तासांनी रक्तातलं पॅरासिटामॉलच मोजतात आणि १९७५ च्या रुमॅक-मॅथ्यू आलेखावर ताडून बघतात.

आणखी एक चकवा आहे. आकडा झपझप उतरला की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. पण कधीकधी तो उतरतो तो सांडायला पेशीच उरल्या नाहीत म्हणून. अशा वेळी रक्त गोठायला किती वेळ लागतो आणि बिलिरुबिन वाढतंय का, हे बघावं लागतं. किती फुटलं यापेक्षा किती शिल्लक आहे ते तिथं कळतं. हायमन झिमरमन यांनी हीच सांगड घातली. औषधानं एसजीपीटी तिपटीपुढे गेलं आणि सोबत कावीळही झाली, तर दहातला निदान एक रुग्ण दगावू शकतो, असं त्यांचं निरीक्षण. अमेरिकेच्या एफडीएनं २००९ मध्ये नव्या औषधांसाठी ते मार्गदर्शक म्हणून स्वीकारलं. त्याआधी १९९७ मध्ये बाजारात आलेलं ट्रॉग्लिटाझोन हे मधुमेहाचं औषध लिव्हर निकामी होण्याच्या घटनांमुळे २००० मध्ये तिथं मागं घ्यावं लागलं होतं.

प्रयोगशाळेत ऐंशीच्या दशकापासून हेच तत्त्व प्लॅस्टिकच्या ताटलीत उतरलं. वाढवलेल्या पेशींवर रसायन टाकायचं आणि भोवतीच्या द्रवात एलडीएच हे पेशीतलं एन्झाइम किती गळालं ते बघायचं. डिटर्जंटनं सगळ्या पेशी फोडल्या की येतो तो आकडा शंभर टक्के. स्वस्त आणि झटपट काम. पण पोषणद्रवात घातलेल्या सीरममध्येही एलडीएच असतं, आणि शिस्तीत, आवरण शाबूत ठेवून मरणारी पेशी बराच काळ काही सांडतच नाही.

या आकड्याची मर्यादा मुंबईतल्या एका प्रकरणातही दिसली. कोविडच्या काळात, २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये, गुळवेल घेतलेले सहा रुग्ण लिव्हर बिघडून आले आणि डॉक्टरांनी ते २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. एन्झाइमं वाढलेली होती, बायोप्सीत ऑटोइम्यून हिपॅटायटिसची चिन्हं दिसत होती. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की, रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का, की तिचं तसंच दिसणारं भावंड, हे तपासलेलंच नाही. त्या वादात एसजीपीटीची साक्ष कुणाच्याच बाजूनं पुरेशी नव्हती. ते ठरवायला रुग्णांनी उकळून प्यायलेल्या काड्याच हाती असायला हव्या होत्या.