पॉलीक्लिनिकच्या खिडकीपासून दिल्लीपर्यंत

माजी सैनिकाच्या उपचाराचा खर्च केंद्र सरकार माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेतून करते. सगळीकडे तिला ‘ईसीएचएस’ म्हणतात. १ एप्रिल २००३ रोजी ती सुरू झाली. त्याआधी निवृत्त जवानाला लष्करी रुग्णालयाचा आधार होता, पण त्यासाठी वऱ्हाडातल्या माणसाला कामठी गाठावी लागे. अमरावतीहून कामठी सुमारे पावणेदोनशे किलोमीटर, तर अकोल्याहून अडीचशेच्याही पुढे. गुडघे दुखणाऱ्या म्हाताऱ्याने रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी एवढा प्रवास करावा, हे शक्यच नव्हते. अमरावती आणि अकोला या दोन शहरांतल्या योजनेच्या पॉलीक्लिनिकचे मोल या अंतरावरून कळते.

योजनेत निवृत्तिवेतन घेणारा माजी सैनिक, त्याची पत्नी आणि अवलंबून असलेले कुटुंबीय येतात. सैनिकाच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या पत्नीलाही हक्क आहे. वर्गणी आयुष्यात एकदाच भरायची असते. डिसेंबर २०१७ च्या आदेशाने ठरलेले तिचे दर असे : हवालदारापर्यंत ३० हजार रुपये, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर ६७ हजार, अधिकारी १ लाख २० हजार. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना आणि वीरपत्नींना ती माफ आहे. रुग्णालयात जनरल वॉर्ड मिळणार की स्वतंत्र खोली, हेही हुद्द्यावरच ठरते. हृदयाच्या एका शस्त्रक्रियेचा खर्च जवानाच्या वर्गणीच्या कितीतरी पट होतो. म्हणजे नावात ‘अंशदायी’ असले तरी योजनेचा खरा भार सरकारी तिजोरीवर आहे, आणि तो तिथेच असायला हवा.

पॉलीक्लिनिकमधले काम कार्डापासून सुरू होते. कार्ड यंत्रात गेले, नोंद झाली, की रुग्ण डॉक्टरांसमोर येतो. प्रभारी अधिकारी बहुधा निवृत्त लष्करी अधिकारीच असतो. डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता, लिपिक हे सारे कंत्राटी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची औषधे इथूनच मिळतात, आणि गर्दी मुख्यतः त्यांचीच असते. औषधांचा पुरवठा लष्करी रुग्णालयाच्या यंत्रणेमार्फत होतो. एखादे औषध साठ्यात नसेल तर चिठ्ठीवर ‘एनए’ (उपलब्ध नाही) असा शेरा पडतो. मग ते अधिकृत दुकानातून आणवले जाते, किंवा रुग्ण बाहेरून विकत घेऊन पावती जोडतो. ‘एनए’ ही दोन अक्षरे सुभेदाराला परवडतात. कुटुंब निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवेला मात्र महिन्याच्या शेवटी हाच खर्च जड जातो, कारण पैसे परत मिळणार असले तरी आधी तिलाच घालावे लागतात.

पॉलीक्लिनिकच्या आवाक्याबाहेरच्या आजारासाठी रेफरल, म्हणजे तिथले शिफारसपत्र लागते. या कागदावर रुग्णाला योजनेच्या पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात पैसे न भरता उपचार मिळतात. रुग्णालयाला केंद्र सरकारी आरोग्य योजनेच्या (सीजीएचएस) दराने रक्कम मिळते, आणि ठरलेल्या उपचारासाठी रुग्णाकडून वरचे पैसे घेता येत नाहीत. संकटकाळी रेफरलची वाट पाहावी लागत नाही. पॅनेलवरच्या रुग्णालयाने दाखल करून घ्यायचे आणि ४८ तासांच्या आत पॉलीक्लिनिकला कळवायचे. जवळ मिळेल त्या, पॅनेलबाहेरच्या रुग्णालयात जावे लागले तर कळवण्याची जबाबदारी कुटुंबावर येते. बिल आधी घरच्यांनी भरायचे, नंतर परताव्याचा दावा करायचा. परतावाही सीजीएचएस दरानेच मिळतो, त्यामुळे वरचा फरक सोसावा लागतो. धारणीहून अमरावती मेळघाटातल्या घाटवाटेने सुमारे दीडशे किलोमीटर आहे. तिथल्या माणसाला छातीत कळ आली, तर पॅनेलची यादी बघत बसायला वेळ नसतो. नियम सर्वांना सारखा आहे, पण जिथून पॅनेलवरचे रुग्णालय लांब तिथल्या कुटुंबाच्या खिशाला तो जास्त लागतो.

रुग्ण घरी गेला की बिलाचा प्रवास सुरू होतो. एप्रिल २०१२ पासून बिले ऑनलाइन तपासली जाऊ लागली. त्याचे काम यूटीआय-आयटीएसएल या संस्थेकडे आले. रुग्णालय कागद चढवते. तपासणारे डॉक्टर उपचार, दर आणि दिवसांचा हिशेब पाहतात, जास्तीची रक्कम कापतात, शंका असेल तर बिल परत पाठवतात. नंतर मंजुरी प्रादेशिक केंद्राकडे. विदर्भासाठी ते नागपूरला आहे. रक्कम मोठी असेल तर प्रकरण दिल्लीतल्या ईसीएचएसच्या केंद्रीय संघटनेपर्यंत जाते. ही छाननी गरजेचीच आहे. मात्र वर्षाची तरतूद बिलांना अपुरी पडली की तपासलेली बिलेही थांबतात. थकबाकी वाढली की रुग्णालयाचा उत्साह ओसरतो, आणि झळ अखेर रुग्णाला बसते.

म्हणून अर्थसंकल्पातला आकडा या योजनेत जिवाशी निगडित आहे. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तिच्यासाठी ५,४३१ कोटी रुपये होते. २०२४-२५ मध्ये ते ६,९६८ कोटी झाले आणि २०२५-२६ मध्ये ८,३१७ कोटी. देशभरात लाभार्थी साठ लाखांहून अधिक आहेत. भागाकार केला तर २०२५-२६ साठी माणशी वर्षाला चौदा हजारांच्याही आत रक्कम येते, आणि हा समूह उतारवयाकडे झुकलेला आहे.

पंधरा वर्षांची सेवा पुरी न करता बाहेर पडलेल्या, निवृत्तिवेतन नसलेल्या जवानाला सहसा ईसीएचएसची वाट बंद असते. २०१९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातले सैनिक, अल्पसेवा अधिकारी अशा काही गटांना योजनेत घेतले गेले, पण सगळे आले नाहीत. उरलेल्यांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा आधार आहे. या कार्यालयांच्या खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्र आणि ४० टक्के राज्य उचलते. अर्ज इथे तपासला जातो, पुण्याच्या सैनिक कल्याण विभागातून पुढे सरकतो आणि दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्डाकडे पोहोचतो. वैद्यकीय मदत आणि निर्धनता अनुदान या मार्गाने मिळते. ६५ वर्षांवरील, निवृत्तिवेतन नसलेल्या, हवालदारापर्यंतच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला निर्धनता अनुदान म्हणून दरमहा ४ हजार रुपये मिळत. नोव्हेंबर २०२५ पासून ते ८ हजार झाले. हा पैसा अर्थसंकल्पातला नव्हे, तर सशस्त्र सेना ध्वजदिन निधीतला आहे. १९४९ पासून ७ डिसेंबरला ध्वजदिन पाळला जातो. जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने कचेऱ्यांतून, शाळांतून जो निधी जमतो, त्यातून हे अनुदान उभे राहते.