पाळी बारा तासांची, व्यायाम दोन मिनिटांचा

भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या माणसाला ‘व्यायामाला वेळ काढ’ असं सांगणं सोपं आहे, पण काढायचा कुठून? यंत्रमागाची पाळी बारा तासांची. गोदामात गाडी लागली की घड्याळाकडे बघायची सोय नाही. घरी निघावं तर भिवंडी-वाडा रस्त्यावर कोंडी ठरलेली. अशा धबडग्यात व्यायाम टिकवू पाहणाऱ्यांसाठी हे आठ दाखले. सार एकच: थोडं करा, पण सोडू नका.

१. हिशेब आठवड्याचा
जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये मोठ्यांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला. झपझप चालणंही त्यात आलं. रोजचे वाटे घातले तर जेमतेम २२ मिनिटं! मागावरच्या मजुरीसारखंच हे: मीटर किती भरले ते बघायचं, कुठल्या दिवशी भरले ते नाही. साडेतीन लाख अमेरिकनांच्या २०२२ च्या अभ्यासात एक-दोन दिवसांत व्यायाम उरकणारे आणि तेवढाच व्यायाम आठवडाभर विभागून करणारे, यांच्या मृत्यूच्या प्रमाणात फारसा फरक दिसला नाही.

२. दहा हजारांचा बागुलबुवा
रोज दहा हजार पावलं, हा आकडा डॉक्टरांच्या चिठ्ठीतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजणारं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच तो होता. २०१९ मध्ये सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे १७ हजार अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास झाला. त्यात ४,४०० पावलांनाच फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो फारसा वाढला नाही. नदीनाक्यावर रिक्षा अडकली? उतरा, चालू लागा.

३. कंडक्टर जिंकला
लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवून दिलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. मॉरिस स्वतः ९९ वर्षं जगले.

४. मग मागापाशी उभं राहणं मोजायचं का?
‘दिवसभर राबतोच की!’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. डेन्मार्कमध्ये एक लाखाहून अधिक लोकांच्या २०२१ च्या अभ्यासात फावल्या वेळेतली हालचाल हृदयाला तारक ठरली, पण कामावरच्या जड कष्टांबरोबर धोका वाढलेला दिसला. याचं एक संभाव्य कारण म्हणजे, तासन्‌तास उभं राहण्यात आणि ओझी उचलण्यात शरीराला विसावा मिळत नाही. तेव्हा थकलेल्याने आधी नीट झोपावं. मोकळं चालणं त्यानंतर.

५. दोन मिनिटं धाप लागू द्या
ब्रिटनमधल्या, व्यायाम अजिबात न करणाऱ्या २५ हजार लोकांच्या मनगटाला हालचाल मोजणारं यंत्र बांधलं. २०२२ मध्ये निष्कर्ष आला: दिवसातून तीनदा एक-दोन मिनिटं धाप लागेल अशी हालचाल करणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी होतं. जिना भरभर चढणं किंवा सुटणाऱ्या बसमागे पळणंही यात धरलं होतं.

६. एक खाडा माफ
सवय २१ दिवसांत लागते म्हणतात. लंडनमध्ये ९६ जणांवर केलेल्या प्रयोगात सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मधला आकडा ६६. दिलासा असा की एखादा दिवस चुकला म्हणून गाडी रुळावरून घसरली नाही. रात्रपाळीने सकाळ बुडाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करा.

७. राजाला जमलं
औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थान चालवत, चित्रं काढत आणि कीर्तनही करत. एवढ्या व्यापातही सूर्यनमस्कार चुकवत नसत. १९२८ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तकही लिहिलं. जागा किती लागते? एक सतरंजी अंथरण्याएवढी.

८. सातवा गडी बना
कबड्डीची एक चढाई ३० सेकंदांची आणि सामना ४० मिनिटांचा. दम लागतो, मग थोडी उसंत मिळते, जिममधले लोक पैसे मोजून हेच करतात. दुसरा फायदा म्हणजे मैदानात सात जण लागतात. तुम्ही आला नाहीत तर उरलेले सहा फोन करून हैराण करतील. एकट्याच्या निश्चयापेक्षा हा धाक जास्त टिकतो.

छातीत दुखणं किंवा चक्कर येणं असा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. बाकीच्यांनी आज पाळी सुटताच दोन मिनिटं झपझप चालावं. उरलेल्या १४८ मिनिटांना आठवडा पडलाय.